थोपवून धरलेला वायू

न्यूक्लिअर मेडिसिन अर्थात अणुवैद्यक या शाखेत रोगनिदानासाठी व उपचारांसाठी किरणोत्सारी द्रव्ये वापरली जातात, आणि त्या वापरातून मागे उरणाऱ्या टाकाऊ द्रव्यांपैकी घन व द्रव द्रव्यांची व्यवस्था तुलनेने सरळ असते: दूषित सुया, कापूस आणि हातमोजे पिशवीत बांधून वेगळ्या खोलीत ठेवता येतात, तर रुग्णांच्या स्वच्छतागृहातील सांडपाणी मोठ्या टाक्यांत काही आठवडे साठवता येते. वायू मात्र दाराच्या फटीतून निसटतो, श्वासावाटे शरीरात शिरतो आणि डोळ्यांना दिसत नाही. शिवाय तो जाळून अथवा रसायन घालून त्याची किरणोत्सारिता नष्ट करता येत नाही, कारण किरणोत्सार हा अणुकेंद्राचा गुण असून रासायनिक क्रियांची पोहोच अणूच्या बाह्य इलेक्ट्रॉनांपुरतीच असते. किरणोत्सारी द्रव्याचे प्रमाण आपोआप निम्मे होण्यास जो काळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. अशी दहा अर्धायुष्ये उलटली की मूळ द्रव्याचा एक हजारांशाहूनही कमी भाग उरतो. त्यामुळे रुग्णालयापुढे दोनच वाटा राहतात. एक तर वायू भरपूर हवेत मिसळून उंच धुराड्यातून सोडून द्यायचा, नाही तर तो क्षीण होईपर्यंत कुठेतरी अडवून ठेवायचा. या दोन वाटांमधील ओढाताण गेली शंभराहून अधिक वर्षे चालू आहे, आणि तिच्याकडे बारकाईने पाहिले असता असे दिसते की गाळण्या आणि सापळे यांवर जेवढी बुद्धी खर्च झाली, तिच्याहून अधिक फळ मुळात वापरायचा वायूच बदलून टाकण्याने मिळाले.

या इतिहासाचा आरंभ अणुभट्टीच्या कितीतरी आधी, रेडियमच्या काळात होतो. 1898 मध्ये मेरी आणि पिएर क्यूरी यांनी रेडियमचा शोध लावला, 1899 मध्ये रदरफर्ड व ओवेन्स यांना थोरियममधून किरणोत्सारी वायू निघत असल्याचे आढळले, आणि 1900 मध्ये फ्रीडरिख डॉर्न यांना रेडियमच्या बाबतीत तोच अनुभव आला. रेडियममधून निघणाऱ्या या वायूला त्या काळी एमॅनेशन म्हणत. आज तो रेडॉन या नावाने ओळखला जातो. 1910 मध्ये ब्रुसेल्स येथील परिषदेत किरणोत्सारितेचे क्यूरी हे एकक ठरवण्यात आले, तेव्हा त्याची व्याख्याही या वायूवरूनच केली गेली: 1 ग्रॅम रेडियमशी समतोल राखून असलेले एमॅनेशन म्हणजे 1 क्यूरी. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षे, तर रेडॉनचे अवघे 3.8 दिवस, आणि या दोन आकड्यांमधील तफावतीवरच पुढे रुग्णालयांचा एक संपूर्ण उद्योग उभा राहिला.

रेडियम अतोनात महाग होते. 1921 मध्ये अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी काढून मेरी क्यूरी यांना भेट दिलेल्या 1 ग्रॅम रेडियमची किंमत सुमारे 1 लाख डॉलर होती. असे द्रव्य सुयांत भरून रुग्णांच्या शरीरात खुपसण्यात सुई हरवण्याची, तुटण्याची किंवा चोरीला जाण्याची धास्ती असे. त्यापेक्षा रेडियम तिजोरीत कायम ठेवून त्यातून सतत निर्माण होणारा वायू तेवढा काढून घ्यावा, म्हणजे मुद्दल सुरक्षित ठेवून केवळ व्याजावर दवाखाना चालवावा, ही कल्पना साहजिकच आकर्षक ठरली. पॅरिसमध्ये क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ विल्यम ड्युएन यांनी बोस्टनमध्ये रेडॉन काढण्याचे संयंत्र उभारले आणि न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयानेही त्याच पद्धतीचा अवलंब केला. तेथेच भौतिकशास्त्रज्ञ जोआकिनो फायला यांनी 1920 च्या दशकात रेडॉन भरलेल्या सोन्याच्या अतिसूक्ष्म नळ्या, ज्यांना रेडॉनचे दाणे म्हणता येईल, प्रचारात आणल्या. त्या कर्करोगाच्या गाठीत खुपसून तशाच ठेवून देता येत असत.

अशा संयंत्राचे कार्य समजून घेतल्याविना वायुरूप कचऱ्याचा प्रश्न कोठून उपटला हे कळणार नाही. रेडियमचा क्षार आम्लयुक्त पाण्यात विरघळवून काचेच्या फुग्यात ठेवला जाई आणि तो फुगा पोलादी तिजोरीत बंद असे. किरणांच्या माऱ्याने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन तयार होत, त्यामुळे फुग्यातील दाब वाढत जाई आणि त्या वायूंच्या राशीत रेडॉनचा अंश अगदीच नगण्य असे. तंत्रज्ञ पाऱ्याच्या पंपाने हे मिश्रण ओढून घेई, विजेची ठिणगी पाडून अथवा तापवलेल्या तांब्याच्या ऑक्साइडवरून नेऊन हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे पुन्हा पाणी करी, उरलेला ओलावा आणि कार्बन डाय-ऑक्साइड रसायनांत शोषून घेई, आणि शेवटी द्रवरूप हवेने थंड केलेल्या नळीत रेडॉन गोठवून नको असलेले बाकीचे वायू पंपाने काढून टाकी. नंतर शुद्ध झालेला रेडॉन केशनलिकेत ढकलून तिचे छोटे छोटे तुकडे दाबून बंद केले जात. सारी जोडणी काचेची असल्यामुळे एखादी तोटी किंचित सैल राहिली किंवा नळीला तडा गेला की मौल्यवान औषध थेट खोलीच्या हवेत मिसळे. जो तंत्रज्ञ दररोज हे काम करी, त्याच्या हातांवर किरणांचा आणि फुप्फुसांवर वायूचा असा दुहेरी मारा होत असे.

प्रत्यक्षात फुप्फुसांची हानी रेडॉनपेक्षा त्याच्या वंशजांमुळे अधिक होते. रेडॉन हा राजवायू असल्यामुळे तो कशाशीही फारसा संयोग पावत नाही आणि श्वासातून आत गेला तसा बाहेरही पडतो. परंतु त्याच्या क्षयातून निर्माण होणारे पोलोनियम, शिसे आणि बिस्मथ यांचे अणू घनरूप असल्याने धुळीच्या कणांना चिकटतात आणि श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात. या साखळीतील शिसे-210 चे अर्धायुष्य सुमारे 22 वर्षांचे आहे. त्यामुळे संयंत्रातील पारा, काचेच्या जुन्या नळ्या आणि वापरलेले सोने हे वायू निघून गेल्यानंतरही वर्षानुवर्षे दूषित राहत. याची विलक्षण प्रचिती न्यूयॉर्क राज्यात आली. रेडॉनच्या वापरून झालेल्या दाण्यांचे सोने पूर्वी कधीतरी सराफी बाजारात शिरले होते. त्यापासून घडवलेल्या अंगठ्या घालणाऱ्यांच्या बोटांवर त्वचारोग आणि कर्करोगही आढळल्यावर 1981 मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने नागरिकांना जुने दागिने तपासून घेण्याचे आवाहन केले आणि शंभराहून अधिक किरणोत्सारी दागिने उघडकीस आले. वायूचा कचरा वायूच्या रूपातच राहतो असे गृहीत धरणे किती धोक्याचे असते, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण सापडणे कठीण.

नियम आले, पण सावकाश. 1928 मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मान्य केलेल्या शिफारशी मुख्यतः ब्रिटनच्या 1921 च्या शिफारशींवर बेतलेल्या होत्या. त्यांत एमॅनेशन तयार करण्याच्या खोलीत विजेवर चालणारा, हवा बाहेर फेकणारा पंखा असावा असे सुचवले होते, आणि त्याच जोडीला दिवसाला सात तासांहून अधिक काम नको, वर्षाला किमान एक महिना रजा हवी व सुटीचे दिवस शक्य तितके मोकळ्या हवेत घालवावेत असेही म्हटले होते. हवेत किती रेडॉन चालेल याचा आकडा त्या शिफारशींत नव्हता. हानी होते हे मान्य, पण ती मोजायची कशी हे ठरलेले नाही, अशा अवस्थेत मोकळी हवा हाच उपाय म्हणून पुढे येणे स्वाभाविक होते. आकडा आला तो 1941 मध्ये, आणि तोही रुग्णालयांमुळे आला नाही. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकता रंग लावणाऱ्या कामगार स्त्रियांच्या दुखण्यांनी अमेरिकेत खळबळ माजल्यानंतर भौतिकशास्त्रज्ञ रॉब्ली एव्हन्स यांच्या कामाच्या आधारे तेथील राष्ट्रीय मानक संस्थेने एक पुस्तिका काढली आणि कामाच्या जागेतील रेडॉनची मर्यादा लिटरमागे 10 पिकोक्यूरी, म्हणजे आजच्या एककात घनमीटरमागे 370 बेकरेल, अशी घातली. 1 बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा क्षय.

त्याच 1941 मध्ये, 28 फेब्रुवारी रोजी, मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, आणि मेरी क्यूरी यांच्या पॅरिसमधील प्रयोगशाळेत घडलेले भौतिकशास्त्रज्ञ डॉ. रामय्या नायडू यांच्या देखरेखीखाली तेथेही रेडॉनचे संयंत्र चालवले गेले. भारतात या विषयाचा इतिहास 1956 मध्ये ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाल्यापासून सांगण्याची प्रथा आहे. पण किरणोत्सारी वायू हाताळण्याचे काम मुंबईने त्याच्या कितीतरी आधी पाहिलेले होते, आणि 1963 मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर हे अणुवैद्यकाचे केंद्र याच परळच्या परिसरात सुरू झाले, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. युद्धोत्तर काळात अणुभट्ट्यांत तयार होणारे सोने-198 आणि नंतर आयोडीन-125 यांचे दाणे मिळू लागले, तशी जगभरची रेडॉन संयंत्रे एकामागून एक बंद झाली. त्यांतले रेडियम मात्र नाहीसे झाले नाही आणि ते सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी आजही अनेक देशांच्या गळ्यात आहे.

रेडॉननंतर आले आयोडीन-131. 1938 मध्ये लिव्हिंगूड व सीबॉर्ग यांनी शोधलेल्या या समस्थानिकाचे, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या निराळ्या वस्तुमानाच्या अणूचे, अर्धायुष्य 8 दिवसांचे असून गळ्यातील थायरॉइड ग्रंथी ते आवर्जून शोषून घेते. हाच गुण उपचाराला उपयोगी आणि कर्मचाऱ्याला घातक. आयोडीन मूळचे घन असले तरी त्याची सहज वाफ होते, आणि द्रावण आम्लधर्मी झाले अथवा हवेतील ऑक्सिजनशी त्याची क्रिया घडली तर ही वाफ वाढते. कुपीचे बूच उघडताच साठलेली वाफ बाहेर येई आणि ती बूच उघडणाऱ्याच्या थायरॉइडमध्ये मोजता येई. द्रावण अल्कधर्मी ठेवणे, त्यात थायोसल्फेट घालणे, कुपी फ्यूम हूडमध्ये, म्हणजे आतील हवा सतत ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटातच उघडणे, हे उपाय त्यातून रूढ झाले. परंतु सर्वांत परिणामकारक ठरली ती साधी जिलेटिनची कॅप्सूल, जिच्यामुळे रुग्णालयात कुपी उघडण्याचा प्रसंगच बहुतांशी टळला.

कपाटातून ओढलेली हवा गाळण्याचे तंत्र अणुऊर्जेच्या क्षेत्राकडून आले. ऑक्टोबर 1957 मध्ये इंग्लंडमधील विंडस्केल येथील अणुभट्टीला आग लागली, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ जॉन कॉक्रॉफ्ट यांच्या आग्रहाने धुराड्यांच्या माथ्यावर बसवलेल्या गाळण्यांनी बरेच कण अडवले, पण आयोडीनची वाफ त्यांतून निसटली आणि सुमारे 500 चौरस किलोमीटर प्रदेशातील दूध फेकून द्यावे लागले. वाफेसाठी कोळसा हवा, हे त्यानंतर अधिक गांभीर्याने घेतले गेले. सक्रियित कोळसा, म्हणजे विशेष प्रक्रियेने असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडलेला कोळसा, वायूचे रेणू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो, आणि या क्रियेला अधिशोषण म्हणतात. मिथिल आयोडाइडसारखी सेंद्रिय संयुगे साध्या कोळशाला दाद देत नाहीत, म्हणून त्यात पोटॅशियम आयोडाइड किंवा ट्रायएथिलीन डायअमीन भिनवतात. पहिले रसायन किरणोत्सारी आयोडीनची आपल्यातील साध्या आयोडीनशी अदलाबदल करते, दुसरे त्या संयुगाशी थेट बांधले जाते. आयोडीनच्या बाबतीत कोळसा खऱ्या अर्थाने पकडतो, आणि त्याच कोळशाला झेनॉनसाठी वापरताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे होते.

आयोडीननंतर फुप्फुसांच्या तपासणीसाठी आलेल्या झेनॉन-133 या वायूचे अर्धायुष्य 5.25 दिवसांचे. 1955 मध्ये जर्मनीत क्निपिंग आणि सहकाऱ्यांनी हा वायू श्वासावाटे देऊन छातीवरून त्याचे मोजमाप केले आणि 1962 मध्ये माँट्रियल येथील बॉल, बेट्स प्रभृतींनी फुप्फुसाच्या निरनिराळ्या भागांत हवा कशी खेळते याचा अभ्यास याच वायूने केला. फुप्फुसातील रक्तवाहिनीत गाठ अडकली आहे काय, हे ओळखण्यासाठी रक्तप्रवाहाचे चित्र आणि हवेचे चित्र शेजारी ठेवून पाहण्याची पद्धत पुढे प्रचलित झाली आणि झेनॉन अनेक रुग्णालयांत नित्याचा झाला. रुग्ण तोंडावरील मास्कमधून बंद वर्तुळातील झेनॉनमिश्रित हवा घेई, नंतर त्याला स्वच्छ हवा देऊन उच्छ्वासातून बाहेर पडणारा झेनॉन गोळा केला जाई. एका तपासणीस साधारण 370 ते 740 मेगाबेकरेल वायू लागे. धाप लागलेला रुग्ण मास्क ओढून काढी, कडेतून हवा निसटे, आणि चरबीत विरघळलेला थोडा वायू तपासणी संपल्यावरही काही काळ त्याच्या श्वासातून येत राही.

गोळा केलेल्या वायूसाठी कोळशाचा सापळा वापरत. झेनॉन राजवायू असल्याने त्याला रासायनिकरीत्या बांधता येत नाही. तो कोळशाच्या छिद्रांत अडखळतो, सुटतो, पुढच्या छिद्रात पुन्हा अडखळतो आणि अखेरीस दुसऱ्या टोकाने बाहेर येतो. सापळा नेमका एवढाच विलंब देतो, आणि तेवढ्या अवधीत पुरेसा क्षय झाला तरच तो सापळा. ओलावा कोळशाची छिद्रे अडवून हा विलंब घटवतो आणि रुग्णाचा उच्छ्वास तर दमटच असतो, म्हणून आधी हवा कोरडी करावी लागे. उपकरणावर सापळा असा शब्द छापलेला असला की त्याच्या तोंडातून काय बाहेर पडते हे मोजण्याची गरज कोणाला वाटत नाही, ही मानवी प्रवृत्ती ओळखूनच बहुधा सापळ्यांच्या नियमित तपासणीवर नियामकांनी भर दिला.

खोलीचाही विचार झाला. झेनॉन हवेच्या साडेचारपट जड, म्हणून हवा ओढणारी जाळी जमिनीलगत असावी असा संकेत पडला. एकदा हवेत मिसळून विरळ झालेला वायू पुन्हा वेगळा होऊन तळाशी बसत नाही, हे लक्षात घेतले तर त्या संकेताचा उपयोग गळतीच्या पहिल्या क्षणांपुरताच राहतो. याहून महत्त्वाचा नियम म्हणजे खोलीतील दाब बाहेरच्या दाबापेक्षा किंचित कमी ठेवणे, जेणेकरून हवा दारातून आत येईल, बाहेर जाणार नाही. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने 1986 च्या नियमावलीत हा ऋण दाब सक्तीचा केला आणि वायू सांडल्यास किती मिनिटे खोलीबाहेर थांबावे याचा हिशेब करून तो खोलीत लावण्यास सांगितले. 1991 मध्ये कामाच्या जागेतील झेनॉनची मर्यादा मात्र दहापटीने सैल झाली, कारण शरीरात न साठणाऱ्या या वायूचा धोका मुख्यतः बाहेरूनच पोचतो हे नव्या गणितातून पुढे आले होते. आणि 2002 च्या सुधारणेत खोलीविषयीची ती स्वतंत्र अट गळून पडली.

तोवर खुद्द झेनॉनची गरजच ओसरू लागली होती. 1970 च्या दशकात लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात क्रिप्टॉन-81एम हा वायू वापरात आला. त्याचे अर्धायुष्य 13 सेकंदांचे, त्यामुळे तो धुराड्यापर्यंत पोचण्याआधीच जवळपास संपतो. ज्या रुबिडियमपासून तो मिळतो ते सायक्लोट्रॉन या कणत्वरक यंत्रातच बनते आणि पाच तासांच्या आत निम्मे होते, ही त्याची मर्यादा. टेक्नेशियम-99एमयुक्त द्रावणाचे तुषार हुंगवण्याची पद्धत स्वस्त पडली आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा तपासणीसाठी नेब्युलायझर विकसित झाला. ऑस्ट्रेलियात विल्यम बर्च यांनी 1980 च्या दशकात ग्रॅफाइटच्या मुशीत आर्गॉन वायूत प्रखर तापमानाला टेक्नेशियम उडवून अतिसूक्ष्म कार्बनकणांचा धूर तयार केला. नाव टेक्नेगॅस असले तरी तो कणांचाच असल्याने साध्या गाळणीत अडकतो. अमेरिकेने त्याला 2023 मध्ये मान्यता दिली.

पॉझिट्रॉन चित्रणासाठी सायक्लोट्रॉनमध्ये तयार होणाऱ्या समस्थानिकांनी थोपवण्याची वाट पुन्हा सोपी केली. कार्बन-11 चे अर्धायुष्य 20 मिनिटे आणि फ्लोरिन-18 चे 110 मिनिटे असल्याने, औषध बनवताना सुटलेले वायू पिशवीत अथवा टाकीत दाबून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवले की प्रश्न संपतो. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्येच बसला.

रुग्णालयाच्या खोलीतून वायूचा प्रश्न असा जवळजवळ हद्दपार झाला, पण तो समस्थानिकांच्या कारखान्यांत जाऊन बसला. टेक्नेशियम ज्यापासून मिळते ते मॉलिब्डेनम-99 मुख्यतः युरेनियमच्या विखंडनातून काढतात, आणि त्यासाठी अणुभट्टीत ठेवलेला युरेनियमचा तुकडा विरघळवताना झेनॉन व आयोडीन मोठ्या प्रमाणात मुक्त होतात. ऑगस्ट 2008 मध्ये बेल्जियममधील फ्लेरस येथील अशा कारखान्यातून आयोडीन-131 बाहेर पडले आणि आसपासच्या रहिवाशांना स्थानिक भाजीपाला व दूध न वापरण्याचा सल्ला देण्यात आला. 2011 च्या शरद ऋतूत युरोपातील अनेक देशांच्या हवेत आयोडीनचे बारीक अंश आढळले, तेव्हा त्यांचा माग बुडापेस्ट येथील वैद्यकीय समस्थानिक बनवणाऱ्या संस्थेपर्यंत गेला.

झेनॉनने मात्र अनपेक्षित ठिकाणी अडचण उभी केली. 1996 मध्ये स्वाक्षरीसाठी खुल्या झालेल्या सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराच्या अंमलबजावणीसाठी जगभर हवेवर नजर ठेवणारी केंद्रे उभारली गेली, आणि भूमिगत स्फोटातून झिरपणाऱ्या झेनॉनचा शोध घेणे हे त्यांतील अनेकांचे काम. भारताने या करारावर सही केलेली नाही, पण वारे करार ओळखत नाहीत. मॉलिब्डेनमच्या मोजक्या कारखान्यांतून रोज सुटणारा झेनॉन हजारो किलोमीटर दूरच्या या केंद्रांवर नोंदला जातो आणि आरोग्याच्या दृष्टीने निरुपद्रवी असूनही स्फोटाच्या खुणेशी त्याची गल्लत होऊ शकते. म्हणून 2009 पासून उत्पादक आणि करारतज्ज्ञ एकत्र भेटू लागले. दर कारखान्याने दिवसाला 5 अब्ज बेकरेलच्या आत राहावे असे लक्ष्य या भेटींतून पुढे आले, आणि ते ऐच्छिक असल्यामुळे, झेनॉनचा प्रवाह सुटण्याआधी आणखी दीर्घकाळ अडवून धरणारे कोळशाचे स्तंभ बसवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद अजून मिटलेला नाही.